लोक म्हणायचे त्याला हवा दिसते, पण त्याच्या जाण्यानं कार रेसिंगचा अख्खा खेळच बदलला

तारीख १८ फेब्रुवारी २००१. ठिकाण, अमेरिकेतल्या फ्लोरिडामधलं डेटोना.

४ किलोमीटरचा ट्रॅक आणि त्याला २०० चकरा. म्हणजे एकूण ८०० किलोमीटरची शर्यत. १९९ चकरा झाल्या होत्या आणि शेवटचा लॅप सुरू होता. पहिल्या नंबरवर मायकल वॉल्ट्रिप, दुसऱ्या नंबरवर डेल अर्नहार्ट ज्युनिअर आणि तिसऱ्या नंबरवर एक काळी शेवरलेट, जिच्यावर मोठ्या अक्षरात ३ आकडा लिहिलेला.

पुढच्या दोन्ही गाड्या ज्या टीमच्या होत्या, त्या टीमचा मालक ही तिसरी गाडी चालवत होता. पुढच्या एका गाडीत त्याचा जवळचा दोस्त होता आणि दुसऱ्या गाडीत त्याचा पोरगा.

शेवटच्या वळणावर काळ्या गाडीला मागून हलकासा धक्का लागला. गाडी आधी खाली घसरली, मग वर गेली आणि भिंतीला जाऊन धडकली. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटलं, यात एवढं काय? ना गाडी उलटली, ना मोठी आग लागली. आणि आत बसलेल्या गड्यानं यापेक्षा भयंकर ॲक्सिडेंट पचवले होते.

पण यावेळी तो गाडीतून बाहेर आला नाही.

हा गडी म्हणजे डेल अर्नहार्ट. अमेरिकेतल्या कार रेसिंगचा बाप माणूस.

आधी हा खेळ काय आहे ते बघू

कार रेसिंग म्हटलं की आपल्याला फॉर्म्युला वन आठवतं. अमेरिकेत मात्र जास्त क्रेझ आहे ती स्टॉक कार रेसिंगची. स्टॉक कार म्हणजे शोरूममधल्या साध्या गाडीसारखी दिसणारी, पण आतून पूर्णपणे रेसिंगसाठी बांधलेली गाडी.

या खेळाची सुरुवात पण भारी आहे. अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत चोरून दारू पोचवणारी पोरं पोलिसांना चुकवायला आपल्या गाड्यांची इंजिनं जास्त ताकदवान करून घ्यायची. दारूबंदी उठली, तरी हा धंदा आणि गाड्यांचा नाद चालूच राहिला. मग पोरं आपापसात शर्यती लावू लागली. १९४८ मध्ये बिल फ्रान्स नावाच्या माणसानं या शर्यतींना शिस्त लावायला नॅसकार ही संस्था उभी केली. १९५९ मध्ये त्यानंच डेटोनाचा ट्रॅक सुरू केला.

डेटोना आणि अलाबामामधलं टॅलाडेगा, हे दोन ट्रॅक सुपरस्पीडवे म्हणून ओळखले जातात. इथली वळणं सपाट नाहीत. डेटोनाची वळणं ३१ अंशात उभी आहेत, टॅलाडेगाची ३३ अंशात. त्यामुळं वळणावर ब्रेक मारायची गरजच पडत नाही.

१९८७ मध्ये टॅलाडेगाला बिल इलियटनं ताशी ३४२ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच वर्षी तिथंच बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांच्या जाळीवर आदळली. मग नॅसकारनं पुढच्या वर्षीपासून या दोन्ही ट्रॅकवर इंजिनाला जाणारी हवा कमी करणारी, भोकं असलेली धातूची प्लेट बसवायला लावली.

वेग कमी झाला, पण एक वेगळीच गंमत झाली. सगळ्या गाड्या एकसारख्या वेगानं पळू लागल्या. कुणीच कुणाला सोडून पुढं जाऊ शकेना. त्यामुळं ताशी ३०० च्या वेगानं तीस-चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून पळतात, असं दृश्य दिसायला लागलं.

इथं पुढं जायचं तर हवेचा खेळ कळावा लागतो. हायवेला ट्रकच्या मागं बाईक घेतली की वारा लागत नाही आणि गाडी हलकी पळते, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. इथं तेच होतं. पुढची गाडी हवा कापते, मागची तिच्या आडोशानं वेग पकडते आणि नेमक्या क्षणी बाहेर निघून पुढं जाते. क्षण चुकला तर आडोसा पण जातो आणि दहा गाड्या पुढं निघून जातात.

डेल अर्नहार्ट या खेळात इतका तयार होता, की लोक म्हणायचे याला हवा डोळ्यांनी दिसते.

गिरणीच्या गावातला पोरगा

डेलचा जन्म २९ एप्रिल १९५१ चा. गाव, नॉर्थ कॅरोलायनामधलं कॅनापोलिस. गाव कापड गिरणीवर चालायचं. डेलचे वडील राल्फ यांनीही गिरणीत काम केलेलं, पण नंतर ते पूर्णवेळ रेसिंगमध्ये उतरले. छोट्या मातीच्या ट्रॅकवर शर्यती जिंकायच्या आणि त्या बक्षिसाच्या पैशांवर घर चालवायचं.

बापाला बघून पोरानं नववीतच शाळा सोडली. राल्फना ते अजिबात पटलं नव्हतं. डेलचं लग्न झालं १७ व्या वर्षी. १९७३ मध्ये राल्फ हार्ट अटॅकनं गेले. त्यांचं वय होतं ४५ आणि डेलचं २२.

यानंतरची वर्षं बेक्कार होती. डेल पडेल ते काम करायचा, कर्ज काढून गाडीला पार्ट घ्यायचा आणि शर्यत जिंकून ते कर्ज फेडायचं गणित मांडायचा. १९७५ मध्ये त्याला नॅसकारच्या मुख्य मालिकेत पहिली शर्यत मिळाली. त्यात तो २२ वा आला.

पूर्ण सीझनची संधी मिळाली १९७९ मध्ये. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवखा ड्रायव्हर ठरला आणि १९८० मध्ये थेट चॅम्पियन. असं लागोपाठ दोन वर्षांत कुणालाच जमलं नव्हतं.

पुढं रिचर्ड चिल्ड्रेस या टीममालकाशी त्याची जोडी जमली आणि ३ नंबरची गाडी आली. १९८६, ८७, ९०, ९१, ९३ आणि ९४ असे सहा किताब या जोडीनं मारले. एकूण सात किताब जिंकून त्यानं रिचर्ड पेटी या दिग्गजाची बरोबरी केली.

त्याची स्टाईल एकदम रांगडी. पुढचा वाट देत नसेल तर मागून ठोकायचं आणि वाट करून घ्यायची. १९८८ पासून गाडीचा रंग काळा झाला. आरशात ती काळी गाडी दिसली, की पुढच्या ड्रायव्हरला घाम फुटायचा. लोकांनी त्याला नाव दिलं द इंटिमिडेटर, म्हणजे धडकी भरवणारा. निम्मं पब्लिक त्याच्यासाठी जीव टाकायचं आणि उरलेलं त्याच्या नावानं बोंबलायचं.

डेटोनानं २० वर्षं रडवलं

डेटोनाच्या ट्रॅकवर डेलनं लहानमोठ्या मिळून ३४ शर्यती जिंकल्या. पण सगळ्यात मानाची डेटोना ५०० काही केल्या हाताला लागेना.

१९८६ मध्ये तीन लॅप राहिले असताना पेट्रोल संपलं. १९९० मध्ये तर शेवटच्या लॅपला तो सगळ्यात पुढं होता आणि ट्रॅकवरच्या एका तुकड्यानं टायर फाटला. तो टायर टीमनं वर्कशॉपच्या भिंतीवर टांगून ठेवला, कायम आठवण राहावी म्हणून. १९९३ मध्ये शेवटच्या लॅपला डेल जॅरेट पुढं निघून गेला. १९९५ आणि ९६ ला पण दुसराच नंबर.

१९९७ मध्ये गाडी उलटीपालटी झाली. डेल बाहेर आला आणि ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसला. तिथून त्याला दिसलं, की गाडीची चारही चाकं अजून जाग्यावर आहेत. गडी खाली उतरला, परत गाडीत बसला आणि तशाच मोडक्या गाडीनं शर्यत पूर्ण केली. नंबर आला ३१ वा.

त्याच्या आदल्या वर्षी टॅलाडेगाच्या ॲक्सिडेंटमध्ये त्याचं गळपट्टीचं आणि छातीचं हाड मोडलं होतं. दोनच आठवड्यांनी तो वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर उतरला आणि सगळ्यात वेगवान लॅप मारून पहिल्या जागेवरून शर्यत सुरू केली.

शेवटी १९९८ उजाडलं. शर्यतीच्या आधी एका आजारी लहान मुलीनं त्याला लकी म्हणून एक नाणं दिलं. डेलनं ते गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलं. आणि विसाव्या प्रयत्नात डेलनं डेटोना ५०० जिंकली. तो गाडी घेऊन पिटमध्ये आला, तेव्हा सगळ्या टीमची माणसं, म्हणजे ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं ठोकलं होतं ती पण, त्याच्या हाताला हात लावायला रांगेत उभी होती.

१५ ऑक्टोबर २००० ला टॅलाडेगात त्यानं अजून एक करामत केली. पाच लॅप राहिले असताना तो १८ व्या नंबरवर होता आणि शर्यत संपली तेव्हा पहिल्या. त्याचा हा ७६ वा विजय होता आणि शेवटचाही.

त्याच वर्षी धोक्याची घंटा वाजली होती

२००० च्या मे महिन्यात ॲडम पेटी हा १९ वर्षांचा पोरगा सरावात भिंतीला धडकून गेला. जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर केनी अर्विन ज्युनिअर. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर.

अशा ॲक्सिडेंटमध्ये नेमकं काय होतं? गाडी भिंतीला धडकून झटक्यात थांबते. सीटबेल्ट शरीराला धरून ठेवतो, पण डोक्याला धरणारं काहीच नसतं. हेल्मेटसकट डोकं पुढं झेपावतं आणि सगळा झटका कवटीच्या तळाशी बसतो. तिथलं हाड मोडलं की विषय संपला.

यावर उपाय नव्हता असं नाही. रॉबर्ट हबर्ड हे प्राध्यापक आणि त्यांचे मेहुणे, ड्रायव्हर जिम डाऊनिंग, यांनी १९८० च्या दशकातच हान्स नावाचं उपकरण बनवलं होतं. खांद्यावर बसणारी एक कडक कॉलर आणि तिला पट्ट्यांनी बांधलेलं हेल्मेट. झटका बसला तरी डोकं पुढं जात नाही.

पण ड्रायव्हर लोकांना ते अवघड वाटायचं. त्यात हा खेळ छातीठोकपणाचा. भीती वाटते हे कबूल करणं म्हणजे कमीपणा. आणि या छातीठोकपणाचा सगळ्यात मोठा चेहरा होता डेल. वेगाची तक्रार करणाऱ्यांची तो जाहीर खिल्ली उडवायचा. बाकीचे तोंड झाकणारं हेल्मेट वापरायला लागले, तरी हा जुनं उघड्या तोंडाचंच घालायचा. हान्स वापरायचा तर प्रश्नच नव्हता.

तो शेवटचा लॅप

आता परत १८ फेब्रुवारी २००१ ला येऊ.

पहिल्या नंबरवर असलेला मायकल वॉल्ट्रिप तोवर ४६२ शर्यती पळाला होता आणि एकही जिंकला नव्हता. लोकांनी त्याला निकालात काढलेलं. डेलनं मात्र त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. त्या दिवशी शेवटच्या लॅपमध्ये दोस्त आणि पोरगा पुढं पळत होते आणि डेल मागच्या गाड्यांना अडवून धरत होता. आयुष्यभर फक्त जिंकायला पळालेला माणूस त्या दिवशी तिसऱ्या नंबरवर राहून दुसऱ्यांना जिंकवत होता, असंच बहुतेकांना वाटतं.

वळणावर स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा धक्का लागला, डेलची गाडी वर जाऊन केन श्रेडरच्या गाडीला भिडली आणि दोघं भिंतीवर आदळले. धडकेच्या वेळी डेलचा वेग होता ताशी २५० किलोमीटरच्या आसपास.

कॉमेंट्री बॉक्समध्ये मायकलचा मोठा भाऊ डॅरेल वॉल्ट्रिप होता. एका डोळ्यानं तो भावाचा पहिला विजय बघत होता आणि दुसऱ्या डोळ्यानं डेलची थांबलेली गाडी.

श्रेडर स्वतःच्या गाडीतून उतरून डेलच्या खिडकीपाशी गेला. आत बघितलं आणि घाईघाईनं डॉक्टरांना हात केला. इकडं मायकल विजयाच्या मंचावर डेलची वाट बघत होता. त्याला वाटत होतं, आता येईल आणि मिठी मारेल. तिथं आला तो श्रेडर, आणि त्याचा चेहरा बघूनच मायकलला काय ते कळलं.

कवटीच्या तळाचं हाड मोडून डेल गेला होता. वय होतं ४९.

चिडलेल्या चाहत्यांनी मार्लिनला धमक्या दिल्या. तेव्हा डेल ज्युनिअरनंच पुढं येऊन सांगितलं, की यात त्याची काहीही चूक नाही. ज्या ट्रॅकवर बाप गेला, त्याच डेटोनावर हा पोरगा जुलैमध्ये परत उतरला आणि शर्यत जिंकला. त्याच्या मागं दुसऱ्या नंबरवर होता मायकल वॉल्ट्रिप.

त्यानंतर काय बदललं?

तीन पोरं गेली तेव्हा जे झालं नाही, ते डेल गेल्यावर झालं. कारण प्रत्येक ड्रायव्हरला कळून चुकलं, की डेल मरू शकतो तर कुणीही मरू शकतो.

काही महिन्यांतच बहुतेक ड्रायव्हर स्वतःहून हान्स किंवा तसं उपकरण वापरायला लागले. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारनं ते सक्तीचं केलं. २००२ पासून गाड्यांमध्ये धडकेची नोंद ठेवणारा ब्लॅक बॉक्स आला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला सेफर बॅरियर बसली. ही स्टीलच्या नळ्यांची भिंत, तिच्या मागं फोम. गाडी धडकली की भिंत थोडी दबते आणि झटका स्वतः खाते. पुढं एकेक करत इतर ट्रॅकवर पण या भिंती आल्या.

डेल अर्नहार्टनंतर नॅसकारच्या मुख्य मालिकेच्या शर्यतीत एकाही ड्रायव्हरचा जीव गेलेला नाही.

१७ फेब्रुवारी २०२०. तेच डेटोना, तीच ५०० मैलांची शर्यत आणि परत शेवटचाच लॅप. सगळ्यात पुढं असलेला रायन न्यूमन भिंतीला धडकला, गाडी हवेत उलटली, दुसरी गाडी येऊन थेट त्याच्या बाजूवर आदळली आणि ठिणग्या उडवत त्याची गाडी छतावर घसरत गेली. ही धडक डेलच्या धडकेपेक्षा कितीतरी भयानक दिसत होती. न्यूमनला नेलं ते पण त्याच हॉस्पिटलमध्ये, जिथं १९ वर्षांपूर्वी डेलला नेलं होतं.

दोन दिवसांनी न्यूमन त्या हॉस्पिटलमधून बाहेर पडला. स्वतःच्या पायांनी चालत, दोन्ही पोरींचे हात धरून.