रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : दगडांतील पानांचा शोधक

पन्हाळ्याच्या उतारावर आणि आमच्या कोडोलीच्या विहिरींत पहारीला अडणारा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर होत. हाच पाषाण नागपुरापर्यंत पसरला आहे. त्याचा इतिहास उलगडण्यास ज्यांनी मोठे साहाय्य केले, ते एका मिशन शाळेचे शिक्षक होते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. १८४५ साली ते फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. शिकवणे, उपदेश आणि खेडोपाडीचा प्रवास ह्यांतून उरेल तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा असे.

१८५१ साली सहकारी रेव्हरंड हंटर यांच्यासह फिरत असता त्यांस लाव्हाच्या थरांमध्ये दबलेला मातीचा एक पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते. पुढे टाकळी येथे अशाच थरात फळे, बिया, माशांचे खवले आणि भुंगेऱ्यांचे कठीण पंख दगड होऊन राहिलेले सापडले. ह्यावरून असे दिसून आले की, लाव्हा एकाच वेळी वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या दीर्घ शांततेत तेथे तळी भरली, झाडे वाढली, कीटक वावरले. कामठीजवळच्या वालुकाश्मात त्यांस जिभेच्या आकाराची पाने मिळाली. ती तर ह्याहूनही पुष्कळ प्राचीन होत. हिस्लॉप व हंटर यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय मंडळाने छापला. ते नमुने विलायतेस गेल्यावर तेथील पंडितांनी त्यांची वर्णने प्रसिद्ध केली.

गोंड लोकांची भाषा व चालीरीती यांविषयीही त्यांनी विपुल टिपणे केली होती. परंतु ती पुरी करणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय निघाले.

हिस्लॉप यांजपाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती; होती ती पायांखालच्या दगडाकडे थांबून पाहण्याची सवय. ती सवय आमच्या विद्यार्थ्यांसही जडो.