खिडकीसाठी पाचशे पौंड



गेल्या अंकात आपण डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वाचली. या वेळी आम्ही आपण राहतो त्याच देशातल्या एका डॉक्टरबाईंची गोष्ट निवडली आहे. त्यांचे नाव सिसली सॉन्डर्स.

ही गोष्ट का निवडली तेही सांगतो. मागच्या टर्ममध्ये आपल्या वर्गातल्या एका मुलाची आजी हॉस्पिसमध्ये होती. मधल्या सुट्टीत मुलांत कुजबूज सुरू झाली. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असे एकजण म्हणाला. तिथे औषध देत नाहीत, नुसते ठेवून घेतात, असे दुसऱ्याने सांगितले. हे ऐकून आम्ही मोठ्यांनी काय केले? चहाचे कप हातात धरून विषय बदलला. आपल्या घरांमध्ये कॅन्सर हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो आणि मुले खोलीत आली की बोलणे थांबते. शेवटी त्या मुलाच्या आईनेच आम्हाला सुचवले, की हॉस्पिस म्हणजे काय ते आपल्या अंकात एकदा नीट लिहा. म्हणून हा लेख.

सिसलीचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेला बार्नेट येथे झाला. घर सुखवस्तू होते. ती तीन भावंडांत थोरली, तिच्या पाठीवर दोन भाऊ. मुलगी उंच, अंगापिंडाने मोठी आणि फार लाजाळू. चौदाव्या वर्षी तिला रोडीन या निवासी शाळेत पाठवले, पण तिथे ती फारशी रमली नाही. आपण चारचौघींसारखे नाही, हे लहानपणीच तिला कळले. एकटे पडणे म्हणजे काय, हे तिला पुढे कोणी शिकवावे लागले नाही.

१९३८ साली ती ऑक्सफर्डला शिकायला गेली. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. अशा वेळी पुस्तके घेऊन बसणे तिला पटेना. तिने शिक्षण अर्धवट सोडले आणि १९४० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नर्सिंगच्या शाळेत नाव घातले. नर्सचे काम तिला मनापासून आवडले. पण तिची पाठ दुखरी होती. रुग्णांना उचलणे, वळवणे, खाटा ओढणे हे तिला झेपेना. परीक्षा उत्तम पास होऊनही तिला हे काम सोडावे लागले. मग तिने ऑक्सफर्डची पदवी पुरी केली आणि रुग्णालयातच समाजसेविकेचे काम धरले. रुग्णाच्या घरी पैशांची काय अडचण आहे, मुलांना कोण सांभाळते, बरा झाल्यावर तो राहणार कुठे, हे सारे पाहायचे, असे ते काम होते.

तिथे तिला डेव्हिड तास्मा भेटला. हा पोलंडमधल्या वॉर्सा शहरातून आलेला ज्यू. वय चाळीस, लंडनमध्ये वेटरचे काम करायचा. त्याला कॅन्सर झाला होता आणि तो बरा होण्यापलीकडे गेला होता. या शहरात त्याचे जवळचे असे कोणीच नव्हते. १९४८ च्या सुरुवातीला तो आर्चवे येथील रुग्णालयात पडून होता, तेव्हा सिसलीबाई त्याला पुन्हा पुन्हा भेटायला जात. दोघे तासन् तास बोलत. आपल्या जगण्याने जगात काही फरक पडला नाही, याचे त्याला फार दुःख होते. अशा रुग्णांसाठी वेगळी जागा असावी, जिथे वेदना थांबतील आणि बोलायला कोणाला तरी सवड असेल, अशी कल्पना या बोलण्यातून निघाली. फेब्रुवारीत तास्मा गेला. जाताना त्याने आपल्याजवळचे पाचशे पौंड सिसलीबाईंच्या नावे ठेवले आणि त्यांच्या त्या घरात आपण एक खिडकी होऊ, असे सांगून ठेवले.

मुलांनो, घराचा अजून पत्ता नव्हता. पण खिडकीचे पैसे आले होते!

त्या काळी रुग्णालयांत काय होत असे, ते जरा समजून घेऊ. कॅन्सर बरा होणार नाही असे ठरले, की त्या खाटेशी डॉक्टरांचे थांबणे कमी होई. वेदनेवर मॉर्फिन हे औषध होते, पण त्याची सवय लागेल या भीतीने ते हात आखडून दिले जाई. वेदना अगदी असह्य झाली, रुग्ण कळवळून मागू लागला, की मगच इंजेक्शन मिळे. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. औषधाचा असर उतरला की पुन्हा तीच वेदना, पुन्हा तीच याचना. मधल्या वेळात रुग्णाच्या मनात एकच विचार असे: आता पुन्हा दुखू लागणार.

सिसलीबाई संध्याकाळी बेजवॉटरमधील सेंट ल्यूक्स येथे मदतीला जाऊ लागल्या. तिथे त्यांना वेगळेच दिसले. तिथल्या नर्सेस वेदनाशामक औषध ठरावीक तासांनी, वेदना डोके वर काढायच्या आधीच, तोंडाने देत असत. तिथले रुग्ण शांत असत आणि शुद्धीवरही असत. ही पद्धत सगळीकडे गेली पाहिजे, असे त्यांना वाटले. परंतु नर्सचे किंवा समाजसेविकेचे कोण ऐकणार? नॉर्मन बॅरेट नावाच्या शल्यविशारदांनी त्यांना स्पष्ट सल्ला दिला, की हे काम करायचे असेल तर आधी डॉक्टर व्हा.

१९५१ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, सिसलीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाकावर जाऊन बसल्या. आजूबाजूला अठरा-वीस वर्षांची मुले. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आता त्या नर्सही होत्या, समाजसेविकाही होत्या आणि डॉक्टरही.

पुढच्याच वर्षी पूर्व लंडनमधील हॅकनी येथे, नन चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी संशोधन सुरू केले. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या येतात. सिसलीबाईंची साधने होती खाटेशेजारची खुर्ची, वही आणि टेप रेकॉर्डर. किती दुखते, कधी दुखते, झोप लागली का, जेवण गेले का, कशाची भीती वाटते, हे त्या विचारत आणि लिहून ठेवत. सुमारे ११०० रुग्णांच्या नोंदी त्यांनी केल्या. या नोंदींतून दिसले, की योग्य मात्रेत आणि वेळेवर औषध दिले तर वेदना आटोक्यात राहते, रुग्ण गुंगीत पडून राहत नाही आणि भीती होती तशी सवयही जडत नाही. नुसत्या दयेने जे डॉक्टरांना पटले नसते, ते या नोंदींनी पटवून दिले.

ऐकता ऐकता त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. दुखणे एकट्या शरीराचे नसते. माझ्यामागे मुलांचे काय होईल, घरभाडे कसे भरायचे, माझ्याच वाट्याला हे का आले, हेही दुखणेच. शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा या चारही ठिकाणची वेदना मिळून एक होते. त्या सगळ्याला त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हणूनच अशा रुग्णाजवळ डॉक्टर हवा, नर्स हवी, तशीच घरच्यांची चौकशी करणारी व्यक्तीही हवी.

घर बांधण्यासाठी त्यांनी पत्रे लिहिली, दारोदार जाऊन पैसे जमवले. अखेर जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट क्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. पाचशे पौंड मिळाल्याला एकोणीस वर्षे झाली होती. खाटा ५४. कोणत्याही धर्माच्या, आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसालाही दार उघडे. बाग होती, भिंतींवर चित्रे होती आणि कर्मचाऱ्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघरसुद्धा होते. डेव्हिड तास्माची खिडकीही अर्थातच होती.

हॉस्पिस हा शब्द जुना आहे. पूर्वी युरोपात यात्रेकरूंच्या विसाव्याच्या जागेला तो वापरत. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर धर्मशाळा असतात ना, तसेच. आणि संत क्रिस्तोफर म्हणजे लोकांना खांद्यावर घेऊन नदीपार नेणारा, प्रवाशांचा रखवालदार. नाव किती विचार करून ठेवले आहे पाहा.

सेंट क्रिस्तोफर्समध्ये सेवेबरोबर संशोधनही चालू राहिले. १९६९ पासून तिथले पथक रुग्णांच्या घरी जाऊ लागले, म्हणजे ज्यांना आपल्याच घरी राहायचे त्यांचीही सोय झाली. डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी वेदनाशामक औषधांची तुलना केली. डॉ. कॉलिन मरी पार्क्स यांनी मागे राहिलेल्या पती-पत्नींना भेटून शेवटच्या दिवसांची चौकशी केली. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा पाहिले, तर वेदना कमी करण्यात इतर रुग्णालयेही सुधारली होती. १९८७ मध्ये या शास्त्राला ब्रिटनमध्ये वैद्यकातील स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. आपण मराठीत तिला परिहार सेवा किंवा वेदनाशामक सेवा म्हणतो.

आपल्या मुंबईतही १९८६ साली वांद्रे येथे भारतातले पहिले हॉस्पिस निघाले. ते डॉ. एल. जे. डिसूझा यांनी स्थापन केले. त्याचे नाव शांती अवेदना. अवेदना म्हणजे जिथे वेदना नाही ते. पुण्यातही वारज्याला १९९७ पासून असे केंद्र आहे.

सिसलीबाईंना डेम हा किताब मिळाला आणि १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मानही. १९८० साली, वयाच्या साठीनंतर, त्यांनी मारियन बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी लग्न केले. त्यांची चित्रे हॉस्पिसमध्ये लावलेली होती. १९९५ मध्ये ते तिथेच वारले. पुढे सिसलीबाईंनाही कॅन्सर झाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी स्वतः उभारलेल्या सेंट क्रिस्तोफर्समध्येच शेवटचा श्वास घेतला. जे त्यांनी परक्यांसाठी केले, तेच त्यांच्या वाट्याला आले.

मुलांनो, आता त्या कुजबुजीचे उत्तर देऊ. हॉस्पिसमध्ये औषध देतात, आणि फार विचारपूर्वक देतात. काही रुग्ण तिथे थोडे दिवस राहून, दुखणे आटोक्यात आणून घरी परततात. काहीजण तिथेच देह ठेवतात, हेही खरे आहे. आजार बरा करणे आपल्या हातात नसले तरी माणसासाठी करण्यासारखे खूप काही उरते, एवढेच सिसलीबाई आयुष्यभर सांगत होत्या.

आणि पालकहो, एक गोष्ट आपल्यासाठी. आमच्यापैकी अनेकांचे आईवडील सातासमुद्रापलीकडे आहेत. त्यांच्या दुखण्यात फोनवर काय बोलावे ते आपल्याला सुचत नाही. मग आपण होईल सगळे ठीक असे म्हणून फोन ठेवतो. पुढच्या वेळी थोडे थांबून, त्यांना काय वाटते ते विचारू या, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकू या. मुलांनाही त्या वेळी खोलीबाहेर पाठवू नये, असे आम्हाला वाटते.

त्या मुलाच्या आजी मार्चमध्ये गेल्या. शेवटच्या शनिवारी नातवाने त्यांना वर्गात पाठ केलेले पाढे म्हणून दाखवले. सत्तावीसच्या पाढ्यात तो अडला, तेव्हा आजींनी तो पुरा केला.

शब्दार्थ
सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी
शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
असर – परिणाम
याचना – केविलवाणेपणाने मागणे
देह ठेवणे – मरण पावणे

करून पाहा
१. आपल्या भागात हॉस्पिससाठी पैसे जमवणारे दुकान आहे का? आईबाबांबरोबर जाऊन पाहा आणि पाच ओळी लिहा.
२. या आठवड्यात आजी किंवा आजोबांना फोन करा. फक्त एक प्रश्न विचारा आणि दहा मिनिटे ऐका. काय ऐकले ते पुढच्या शनिवारी वर्गात सांगा.