उपदेशकाची घडण : रेव्हरंड ना. वा. टिळक

मराठीच्या वर्गांत रेव्हरंड नारायण वामन टिळक शिकविले जातात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे. ज्या कार्यासाठी या मनुष्याने घर, जात, आप्त आणि अखेरीस वेतनही सोडले, ते कार्य म्हणजे ख्रिस्ताचा उपदेश. फुले आणि मुले त्या वाटेवर भेटली. त्यांच्यातील उपदेशक कसा घडला, हे पाहिल्यावाचून त्यांच्या कवितेचाही ठाव लागत नाही असे मला वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भक्तिमार्गी आणि हळव्या मनाच्या. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलाने घर सोडून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. विवाहानंतरही पायाला भिंगरी कायम होती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार नि पुराणिक, मध्येच छापखान्यातील काम, असा संसार चालला. पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त या भ्रमंतीचे जे चित्र काढले आहे, ते वाचताना हसू येते आणि त्या माउलीच्या सोशिकपणापुढे मान लवते. लौकिकदृष्ट्या ही वर्षे वाया गेली असेच कोणीही म्हणेल. परंतु चारचौघांपुढे उभे राहून तासन्‌तास श्रोते धरून ठेवणे, एका ओवीवरून दृष्टांताकडे आणि दृष्टांतावरून मूळ पदाकडे सहज येणे, समोर कोण बसले आहे हे ओळखून भाषा बदलणे, ही उपदेशकाची खरी विद्या टिळकांनी याच वर्षांत मिळविली. धर्मांतराच्या कितीतरी आधी उपदेशक तयार झाला होता. उपदेश ठरायचा होता.

पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने धर्मग्रंथांचा अभ्यास झाला. त्या काळात टिळकांच्या मनात एका नव्या धर्माची रूपरेषा आकार घेत होती. एकच ईश्वर, सर्व माणसे त्याची लेकरे, जातिभेद मिथ्या, असे तिचे स्वरूप होते. अशा मनःस्थितीत १८९३ साली ते राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले असता आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आपण जो धर्म रचू पाहत होतो तो येथे आधीच सांगून ठेवला आहे, असे त्यांना जाणवले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो कोणा गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून झाला नाही. रेव्ह. तुकाराम नाथोजी या देशी पाळकाने तो दिला, आणि टिळकांची इच्छाही तीच होती. त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा या एका गोष्टीत दिसते.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, समाजात तोंड दाखवायची चोरी आणि पदरी लहान मुलगा. पुढे त्या नगरला आल्या, तरी प्रथम आपले सोवळेओवळे वेगळे सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेदाचे जू त्यांनी स्वतःच्या विचाराने उतरविले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. उतावळ्या, तापट, घरात पैसा न ठरू देणाऱ्या टिळकांनी दाखविलेला हा धीर मला त्यांच्या कोणत्याही प्रवचनाहून मोठा वाटतो.

अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. तेथील थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे धर्मोपदेशक तयार करणाऱ्या पाठशाळेत, टिळक शिकवू लागले. पाळकपदाची दीक्षा त्यांना मिळाली ती मागाहून, १९०४ साली. विद्यार्थी बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. त्यांना बायबल कळत होते आणि आपल्या माणसांचे दुःखही ठाऊक होते. अडचण होती ती भाषेची. परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते आणि इंग्रजी वळणाची प्रवचने घेऊन ते खेड्यात गेले, की ऐकणाऱ्याला हा कोणा साहेबाचा देव वाटे. नगरातच कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडली होती, हे विसरता कामा नये. टिळकांनी ती वाट रुंद केली. त्यांनी ओवी, अभंग, पद यांत ख्रिस्त गायिला आणि इतरांनाही गायला लावला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची श्रद्धा होती. तो पूल मोडून पलीकडे जाणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे. काही मिशनऱ्यांना हे रुचले नाही, आणि जुन्या समाजालाही नाही. ब्राह्मणांच्या लेखी ते बाटगे होते, आणि कित्येक ख्रिस्त्यांच्या लेखी पुरेसे बाटलेले नव्हते!

याच काळात बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले, आणि १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते. हे सारे प्रसिद्ध आहे.

त्यांना आत सलत होते ते वेगळेच. वेतन घेऊन केलेला उपदेश ऐकणाऱ्याला पगारी वाटतो, आणि सांगणाऱ्यालाही हळूहळू तशी सवय लागते. संन्याशाला अन्न घालणाऱ्या या देशात मिशनचा पगारदार हा गुरू होऊ शकत नाही, हे कीर्तनकार टिळकांना मिशनच्या कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा अधिक कळत होते. १९१७ मध्ये, साठी जवळ आलेली, प्रकृती खालावलेली असता, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे सारखेच स्थान होते. संघटना उभी करण्याचा पिंड त्यांचा नव्हता, आणि कालावधीही फार थोडा लाभला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

दरबार टिळकांमागे टिकला नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त मात्र त्यांची गीते शेकड्यांनी आहेत, आणि रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्यावर ती गायिली जातात.