जॉन क्लेअर : घरची भाषा आणि छापील भाषा

बोली आणि प्रमाणभाषा यांच्या संबंधाविषयी तुम्ही या घटकात वाचलेच आहे. तो संबंध एका माणसाच्या आयुष्यात किती खोलवर जाऊ शकतो, हे समजण्यासाठी जॉन क्लेअर या इंग्रज कवीचे बालपण पाहू.

क्लेअरचा जन्म १३ जुलै १७९३ रोजी नॉर्दॅम्प्टनशरमधील हेल्पस्टन या खेड्यात झाला. त्याची जुळी बहीण अर्भकावस्थेतच वारली. वडील पार्कर क्लेअर मळणी करणारे शेतमजूर होते. त्यांना जेमतेम वाचता येई. आई ॲन निरक्षर होती. तरीही हे घर वाङ्मयाला पारखे होते असे समजू नका. वडिलांना शंभराहून अधिक लोकगीते मुखोद्गत होती आणि गावच्या गुत्त्यात ते ती गात असत. मुलाने शिकावे ही आईची तळमळ होती. मात्र वरच्या दर्जाची विद्या म्हणजे जादूटोणा, असेही तिला मनोमन वाटे. परसात सफरचंदाचे एक झाड होते. त्याला चांगली फळे धरली, तर त्यांच्या विक्रीतून घरभाडे निघे.

वडिलांनी मुलाच्या हाताला पेलेल अशी धान्य झोडपण्याची लहान काठी करून दिली होती. शेतातले काम नसेल तेव्हा वर्षातून काही महिने शाळा, आणि उरलेल्या काळात मजुरी. कामाच्या फटीत शिकणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना मी सांगायला नको. पुढे ग्लिंटनच्या शाळेत त्याची मेरी जॉइसशी ओळख झाली. ती शेतकऱ्याची मुलगी होती आणि जन्मभर त्याच्या मनातून गेली नाही.

लहानपणी एकदा तो जगाचा शेवट शोधण्यासाठी माळरानावर एकटाच चालत निघाला. चालता चालता ओळखीची फुले संपली आणि सूर्यही भलत्याच दिशेला आहे असे वाटू लागले. तो घरी परतला, तेव्हा आईवडील चिंतेने व्याकूळ झाले होते आणि निम्मे गाव त्याला शोधत होते. ही आठवण त्याने पुढे आत्मचरित्रपर लेखनात नोंदवली आहे.

कविता करू लागल्यावर तो कागद भिंतीतल्या भोकात लपवून ठेवी. आईला ते निरुपयोगी वाटत; काही तिने चूल पेटवायला वापरले. स्वतःची कविता वाचून दाखवली की आईवडील हसत. म्हणून ती दुसऱ्या कोणाची आहे असे सांगून तो वाचू लागला. जिथे त्यांना अर्थ लागत नसे, ती ओळ तो बदलत असे. निरक्षर आई आणि अर्धशिक्षित वडील हे त्याचे पहिले समीक्षक होते, आणि माझ्या मते सर्वांत चांगलेही.

१८२० मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला आणि गाजला. कीट्सचे प्रकाशक जॉन टेलर यांनीच तो काढला होता. संग्रहाच्या शेवटी बोलीतील शब्दांचा कोश जोडावा लागला. ही बाब बारकाईने पाहा. गोगलगाईच्या शंखाला हेल्पस्टनमध्ये ‘पूटी’ म्हणत. हा शब्द क्लेअरने मुद्दाम शोधून आणलेला नव्हता; त्याच्यासाठी त्या वस्तूचे तेच नाव होते. टेलर त्याचे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे दुरुस्त करीत, बोलीतील शब्दही काढीत. १८२७ च्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये तर मोठी काटछाट झाली.

इकडे शब्दांप्रमाणेच भूमीही हातातून जात होती. १८०९ च्या कायद्याने हेल्पस्टन परिसरातील सामाईक जमिनीची वाटणी सुरू झाली. गुरे चारायची, सरपण गोळा करायची मोकळी राने कुंपणाआड गेली. १८३२ मध्ये क्लेअर जेमतेम तीन मैलांवरच्या नॉर्थबरोत राहायला गेला, पण तेवढे अंतरही त्याला परदेशासारखे जाणवले. १८३७ मध्ये त्याला एपिंगच्या जंगलातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १८४१ च्या जुलैमध्ये तेथून निसटून तो सुमारे ऐंशी मैल पायी घरी आला. वाटेत भुकेपोटी त्याने गवत खाल्ले. मेरी आपली पत्नी आहे अशी त्याची समजूत झाली होती; ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. त्याच वर्षअखेरीस त्याला नॉर्दॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. तेथेही तो कविता लिहीत राहिला आणि तेथेच २० मे १८६४ रोजी वारला. त्याची कबर हेल्पस्टनमध्ये आहे.

१९६४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, हस्तलिखितांवरून ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ पुन्हा छापण्यात आले. त्यात त्याचे शब्द त्याने लिहिले होते तसे आहेत, विरामचिन्हांवाचून.