विश्लेषण : रमण राघव मनोरुग्ण होता, तरी दोषी कसा ठरला? त्याची फाशी कोणत्या टप्प्यावर टळली?

१९६८ सालच्या पावसाळ्यात मुंबईत उघड्यावर झोपणे जिवावर बेतू लागले होते. कॉटन ग्रीन, शिवडी, रे रोड हा पट्टा त्या काळी कापसाच्या वखारींचा, गोदीचा आणि गिरण्यांचा. दिवसभर गाठी वाहणारे कामगार रात्री फुटपाथवर किंवा हातगाडीवरच पाठ टेकत. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत दहा-बारा माणसे राहत असल्याने अर्धी मंडळी गॅलरीत, गच्चीवर झोपत. खून होत होते ते उपनगरांत. पण मारले जात होते ते झोपडीत आणि रस्त्यावर झोपलेले गरीब लोक. त्यामुळे दाराला कडी लावून झोपण्याची सोय नसलेला प्रत्येक मुंबईकर धास्तावला होता.

या खुनांमागचे नाव होते रमण राघव. हे नाव आजही अनेकांना ठाऊक आहे. पण त्याच्या खटल्यात खरा वाद खून कोणी केले याचा नव्हता. खून करताना त्याचे मन ताळ्यावर होते का, हा होता. या प्रश्नाचा निकाल लागायला तब्बल १८ वर्षे गेली.

रमण राघव कोण होता?

त्याचा जन्म १९२९ चा मानला जातो. बालपणाची भरवशाची माहिती तपास यंत्रणांना किंवा डॉक्टरांनाही मिळवता आली नाही. शाळेशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता आणि चोरीची सवय लहानपणापासूनची होती, एवढेच नोंदींतून कळते. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे तो वापरत असे. त्याला घर नव्हते. दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षांची कैद भोगल्यामुळे पोलिसांच्या दप्तरी त्याची नोंद आधीपासून होती.

पहिल्यांदा तो सुटला कसा?

१९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गाच्या आसपास झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. त्यात ९ जणांचा मृत्यू झाला. संशयास्पदरीत्या फिरणारा एक माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला, तो रमण राघवच होता. मात्र त्याला हल्ला करताना कोणी पाहिले नव्हते आणि ठोस पुरावाही नव्हता. त्यामुळे त्याला सोडून द्यावे लागले.

१९६८ मध्ये तसेच हल्ले पुन्हा सुरू झाले. रात्रीची वेळ, गाढ झोपेतली माणसे आणि डोक्यावर जड, बोथट वस्तूचा घाव, ही पद्धतही तीच होती. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे तत्कालीन उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली आणि शहरभर शोधमोहीम सुरू झाली. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्र आणि वर्णनावरून त्याला ओळखून पकडले. त्याच्याजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, अगरबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद सापडले. अंगातील कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांच्या ठशांवरून सिंधी दलवाई म्हणजेच रमण राघव, हे पक्के झाले.

सुरुवातीला तो काहीच बोलेना. कोंबडीच्या जेवणाची मागणी पूर्ण झाल्यावर त्याने तोंड उघडले, हा किस्सा आजही सांगितला जातो. १९६६ मध्ये रेल्वेमार्गालगत २३ जणांना आणि १९६८ मध्ये उपनगरांत सुमारे डझनभर लोकांना मारल्याची कबुली त्याने दिली. पोलिसांकडे असलेल्या नोंदींपेक्षा हा आकडा बराच मोठा होता.

मनोविकाराचा मुद्दा खटल्यात कधी आला?

२ जून १९६९ रोजी मुंबईच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांपुढे खटला सुरू झाला. बचाव पक्षाच्या वकिलांनी लगेच अर्ज केला. त्यात दोन वेगवेगळे मुद्दे होते. आरोपीचे मन आज इतके विकल आहे की तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, हा पहिला. खून करतानाही त्याला आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते बेकायदा असल्याचे कळत नव्हते, हा दुसरा.

ऐकायला हे एकच वाटते. पण कायद्याच्या दृष्टीने मनोविकाराचा प्रश्न तीन वेगळ्या टप्प्यांवर येतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचा परिणाम वेगळा होतो.

- गुन्ह्याच्या वेळी : तेव्हा समज नव्हती हे सिद्ध झाले, तर कृत्य गुन्हाच ठरत नाही. मात्र आरोपी मोकळा सुटत नाही. त्याला मनोरुग्णालयात किंवा सुरक्षित ताब्यात ठेवता येते.
- खटल्याच्या वेळी : खटला समजण्याइतके मन स्थिर नसेल, तर सुनावणी थांबते. आरोपी बरा झाल्यावर ती पुढे चालू होऊ शकते.
- शिक्षेच्या वेळी : दोष कायम राहतो, पण मनोविकारामुळे फाशी रद्द होऊन जन्मठेप होऊ शकते.

दोन डॉक्टर, दोन निष्कर्ष

न्यायालयाने रमण राघवला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे पाठवले. २८ जून ते २३ जुलै १९६९ या काळात तो त्यांच्या निरीक्षणाखाली होता. त्याची स्मरणशक्ती चांगली आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे, आपण काय करतो हे त्याला कळते आणि खटलाही समजतो, असा अहवाल त्यांनी दिला. खटला पुढे चालला आणि रमण राघवने गुन्हा कबूल केला.

बचाव पक्षातर्फे नायर रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी साक्ष दिली. त्यांनी आर्थर रोड तुरुंगात पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास त्याच्याशी बोलणे केले होते. त्याला दीर्घकाळापासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचे त्यांचे निदान होते. आपण माणसे मारत आहोत हे त्याला कळत होते, पण ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते.

खटल्याची सगळी अडचण या शेवटच्या वाक्यात होती.

कायदा नेमके काय विचारतो?

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ एकच कसोटी लावते. मनोविकलतेमुळे त्या क्षणी आरोपीला कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध असल्याचे, समजणे अशक्य होते का? केवळ आजाराचे निदान पुरेसे नाही. आजाराने ही समजच हिरावून घेतली होती, हे दाखवावे लागते.

ही कसोटी इंग्लंडमधील एका खटल्याच्या नावाने ओळखली जाते. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करत असल्याचा त्याला भ्रम होता. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले, देशभर संताप उसळला आणि त्यातून ब्रिटिश न्यायाधीशांनी नियम घालून दिले.

भारतात हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र दह्याभाई ठक्कर खटल्यात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की त्यासाठी सरकार पक्षाइतका भक्कम पुरावा लागत नाही. शक्यता आरोपीच्या बाजूने झुकणे पुरते.

रमण राघवच्या खटल्यात सत्र न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही. तो दोषी ठरला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. अपील करण्यास त्याने नकार दिला.

मग फाशी टळली कशी?

सत्र न्यायालयाने दिलेल्या फाशीवर उच्च न्यायालयाची मोहोर लागते. आरोपीने अपील केले नाही तरी ही पायरी चुकत नाही. शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमायला सांगितले. या मंडळानेही त्याच्याशी पाच वेळा, प्रत्येकी दोन तास बोलणे केले.

त्यातून समोर आलेले जग वेगळेच होते. आपले जग आणि कानूनचे जग अशी दोन जगे आहेत आणि आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, अशी रमण राघवची पक्की समजूत होती. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे आहेत, असे तो मानत होता. लोक आपल्याला पुरुषाची स्त्री बनवू पाहत आहेत आणि सरकारनेच आपल्याला मुंबईत आणून गुन्हे करायला लावले, याबद्दल त्याला शंका नव्हती. शेवटच्या भेटीनंतर डॉक्टरांनी निरोपासाठी हात पुढे केला. कानूनचा प्रतिनिधी या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे सांगून त्याने हस्तांदोलन नाकारले.

कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे कळत होते का, असे ज्याला विचारले जात होते, तो स्वतःलाच कानून समजत होता. पोलीस सर्जनना दिसलेली शाबूत स्मरणशक्ती आणि मंडळाला आढळलेले हे भ्रम एकाच माणसात एकत्र असू शकतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तारीख, वार, रस्ता सगळे आठवू शकते.

आजार बरा होण्याजोगा नसल्याचे आढळल्यावर ऑगस्ट १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली. म्हणजे वर सांगितलेल्या तीन टप्प्यांपैकी पहिल्या दोन टप्प्यांवर त्याला काहीच मिळाले नाही. तिसऱ्यावर जीव वाचला. खुनांचा दोष मात्र पुसला गेला नाही. पुण्याच्या येरवडा कारागृहात तो कैदी राहिला, त्याच्यावर मानसिक उपचार झाले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने १९९५ मध्ये ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

आज हा खटला का महत्त्वाचा?

शिक्षेच्या टप्प्यावर मनोविकार विचारात घेण्याची वाट पुढे अधिक स्पष्ट झाली. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने मनोविकार हे फाशी रद्द करण्याचे एक कारण मानले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी टाळण्यासाठी विचारात घेता येतो, असे न्यायालयाने सांगितले.

आजारी म्हटला की आरोपी सुटला, असा समज अजूनही आहे. या खटल्यात तसे झाले नाही. फुटपाथवर मारल्या गेलेल्या माणसांचा खून हा खूनच ठरला आणि ज्याला शिक्षेचा अर्थही नीट कळत नव्हता त्याला फासावर चढवले गेले नाही. या दोन्ही गोष्टी कायद्यात एकाच वेळी शक्य आहेत. त्यासाठी आरोपी आजारी आहे का, एवढा एकच प्रश्न पुरत नाही. तो कधी आणि किती आजारी होता, हे प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारावे लागते.