माउसचे 300 क्लिक की एक कमांड? ‘भारतीय एडिसन’ भिसे यांचे आयुष्य काय सांगते?

समजा, आसनगावच्या एखाद्या सेवा केंद्रात परीक्षा अर्जांसाठी 300 फोटो ठरावीक आकारात करायचे आहेत. माउसने करायचे तर फोटो उघडा, आकार बदला, सेव्ह करा. असे 300 वेळा. कमांड लाइनवर हीच सूचना एकदा टाइप केली, की संगणक सगळे फोटो करून देतो. वारंवार करावे लागणारे काम यंत्रावर सोपवायचा हाच ध्यास डॉ. शंकर आबाजी भिसे यांनी आयुष्यभर घेतला.

भिसे कोण होते?
जन्म मुंबईचा, 29 एप्रिल 1867. किराणा मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. दुकानदार प्रत्येक पुडा हाताने तोलतो, ही झाली माउसची पद्धत. वजन एकदाच ठरवून द्यायचे आणि पुढचे पुडे यंत्राने भरायचे, ही कमांडची.

‘भिसोटाइप’ काय होते?
पुढे ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले. तेव्हा छपाई शिशाच्या खिळ्यांनी होई. हे खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र म्हणजे ‘भिसोटाइप’.

मग अडले कुठे?
पैशांत. भांडवल आटले आणि 1908 मध्ये ते भारतात परतले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा यांनी मदतीचा हात दिला. त्यानंतर भिसे अमेरिकेत गेले. मात्र भिसोटाइपला अपेक्षित बाजारपेठ मिळाली नाही. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यायचे?
यंत्र बसवायला आधी खर्च येतो, तो वसूल होतो काम पुन्हा पुन्हा असेल तरच. कमांड शिकायलाही आधी वेळ जातो. एकच फोटो असेल तर माउसच बरा. 300 असतील तर कमांड.

धोकाही तोच आहे. वजन चुकीचे लावले तर सगळेच पुडे चुकतात, तशी एक चुकीची कमांड 300 फोटो बिघडवते. म्हणून आधी मूळ फोटोंची प्रत काढा आणि दोन-तीन फोटोंवर कमांड चालवून पाहा.

भिसे यांना यंत्रासाठी देशोदेशी भांडवल शोधावे लागले. आपल्या संगणकात कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल आधीपासूनच असते, तेही फुकट.