चार भिडूंचा तोल सांभाळणारा माणूस

विरार स्थानकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता आगाशी गावातून पुढे अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागतो. समोर पाण्यात अर्नाळ्याचा जलदुर्ग उभा आहे. वसईच्या मोहिमेत १७३७ साली तो मराठ्यांच्या हाती आला. बेटावर असल्याने तेथे जायचे तर होडीतूनच जावे लागते.

आता अशी कल्पना करावी की, आगाशीत भवानीशंकराच्या देवळाजवळच्या एखाद्या घराच्या ओटीवर सुटीच्या दिवशी पाच मुले बसली आहेत. पुढ्यात वहीचे कागद, पेन्सिली, तऱ्हेतऱ्हेचे फासे आणि तोंडात टाकायला आगाशीची सुकेळी. पाचांतला एक जण सूत्रधार. तो सांगतो, रात्रीची भरती आहे, होडी तटाशी लागली आहे, किल्ल्याच्या पोटात एक तळघर आहे आणि त्यावर वेताळाचा पहारा आहे. उरलेल्या चौघांपैकी एक योद्धा, एक मांत्रिक, एक धर्मोपदेशक आणि एक चोर. आपण काय करणार हे ज्याने त्याने सांगायचे आणि जमले की फसले ते फाशांनी ठरवायचे. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. मात्र एक अडचण आहे. तटावर चढणे, कुलूप फोडणे, वेताळाला लोळवणे हे सगळे योद्ध्यालाच जमू लागले, तर बाकीचे तिघे सुकेळी संपवून आपापल्या घरी जातील.

ही अडचण ओळखून ज्याने आकड्यांत तिचे उत्तर मांडले, त्याचे नाव अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ जगापुढे आणला. आज संगणकावर आणि मोबाइलवर पोरे जे लढाऊ खेळ खेळतात, त्यांतल्या योद्धा, जादूगार, वैद्य या वाटण्यांचे मूळ बहुतांशी त्या खेळात आहे.

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले, शिकागोच्या सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेले गृहस्थ. १९४६ साली हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या छोट्या गावी राहायला गेले. ते आईचे माहेरचे गाव. तेथे एक ओसाड पडलेले जुने रुग्णालय होते आणि त्याच्या खालच्या भुयारांत गॅरी मित्रांबरोबर भटकत असे. रात्री वडिलांकडून राजपुत्रांच्या आणि चेटक्यांच्या गोष्टी, दिवसा स्वस्त मासिकांतल्या साहसकथा आणि मधल्या वेळात बुद्धिबळ. शाळेत मात्र लक्ष नव्हते. शिक्षण अर्धवट सुटले, सैन्यातली नोकरी आजारपणामुळे टिकली नाही आणि १९५६ साली वडील गेले. १९५८ साली लग्न झाले. पुढे पाच मुले झाली.

पोटासाठी त्यांनी शिकागोतील एका विमा कंपनीत नोकरी धरली. काम होते जोखीम मोजण्याचे. कोणाला किती धोका आहे आणि त्यापोटी किती हप्ता घ्यावा, याचा हिशेब दिवसभर करायचा आणि रात्री घराच्या तळघरात वाळू पसरलेल्या मेजावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. पुढे त्यांच्या हातून जे घडले, त्यात या दोन्ही सवयींचा वाटा आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हातील एक सभागृह ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा छांदिष्टांचा मेळावा भरवला. जेनकॉन नावाने तो आजही दरवर्षी भरतो. १९७० साली नोकरी सुटली, तेव्हा घर चालवण्यासाठी त्यांनी जोडे दुरुस्त करण्याचे काम पत्करले.

१९७१ साली जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे चेनमेल हे पुस्तक काढले. शेवटी एक अद्भुतरम्य पुरवणी जोडली होती आणि खेळाडूंच्या उड्या पडल्या त्या तिच्यावरच. तीत शूर वीर म्हणजे चार सैनिकांचे बळ आणि जादूगाराचा अग्निगोल म्हणजे मोठ्या गोफणयंत्राचा मारा, असा हिशेब होता. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी हे नियम घेऊन वेगळेच काही सुरू केले. त्यांच्या मेजावर प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एकच माणूस असे. तो माणूस डाव संपला तरी संपत नसे, पुढच्या डावात अनुभवाने थोडा मोठा होऊन परत येई. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ दाखवला. गायगॅक्स भारावले. आर्नेसन यांच्या मोजक्या टिपणांवरून त्यांनी काही आठवड्यांत पन्नासेक पानांचा खर्डा केला, पुढे तो दीडशे पानांपर्यंत वाढवला. पहिले परीक्षक होते त्यांचीच मुले, अर्नी आणि एलिस.

तोल साधण्याचे काम सुरू झाले ते येथे. पहिल्या खेळात तीनच वर्ग होते. योद्ध्याला हवे ते शस्त्र आणि हवे ते चिलखत मिळे. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य, हातात फार तर खंजीर. त्याचा मंत्रही एकदा उच्चारला की स्मरणातून पुसला जाई, पुन्हा पाठ करायला दुसरा दिवस उजाडावा लागे. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून उचलली. पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाकडे दिवसाला एकच मंत्र. आगाशीच्या ओटीवरच्या मांत्रिकाने तो होडीतच खर्च केला, तर तळघरात त्याने फक्त कंदील धरायचा. तिसरा धर्मोपदेशक. त्याच्या जन्माची हकीकत रंजक आहे. आर्नेसन यांच्या डावात एका खेळाडूचे रक्तपिपासू पिशाच इतके बलवान झाले की, ते कोणालाच आवरेना. त्याला उतारा म्हणून पिशाचांना परतवणारा वर्ग निर्माण करावा लागला. तो जखमा बऱ्या करी, चिलखतही घाली. मग त्याचे पारडे जड होऊ नये म्हणून त्याला धारदार शस्त्र वापरायला बंदी.

त्याहून सूक्ष्म तोल होता अनुभवाच्या कोष्टकात. लुटीतल्या एका सुवर्णमुद्रेला एक अनुभवगुण. दुसरी पायरी गाठायला योद्ध्याला २००० गुण, मांत्रिकाला २५००, पण धर्मोपदेशकाला १५०० पुरत. ज्याच्या पुढ्यात मोठे सामर्थ्य वाढून ठेवले आहे, त्याची वाट लांब. विम्याचा हप्ता ठरवणाऱ्या माणसाचाच हा हिशेब. १९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत चोर आला. त्याची मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील खेळाच्या दुकानात जमणाऱ्या मंडळींची, ती फोनवरून गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचली होती. चोराला दुसरी पायरी १२०० गुणांतच. त्याच पुरवणीत प्रत्येकाला किती घाव सोसवतील याचे फासेही वेगळे झाले. योद्ध्याला अष्टकोनी म्हणजे आठ बाजूंचा, धर्मोपदेशकाला सहा बाजूंचा, मांत्रिक आणि चोर यांना चार बाजूंचा.

बलाबलाचा असा विचार आपल्याकडे परका नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा. त्यामुळे हाती लहान पाने आली म्हणून कोणी हिरमुसून बसत नाही. पण गंजिफ्याचा डाव पाने संपली की संपतो. गायगॅक्स यांचा डाव वर्षानुवर्षे चालायचा होता आणि त्यांनी तोलही तेवढ्याच मुदतीचा धरला. आरंभी योद्ध्याने मांत्रिकाला पाठीशी घालावे, पाचव्या पायरीवर अग्निगोल हाती आला की मांत्रिकाने परतफेड करावी. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात बहुतेक मांत्रिक दुसऱ्याच डावात मरत आणि जे जगत ते पुढे इतके वरचढ होत की, योद्ध्याला काही काम उरत नसे. बुटके आणि यक्षांसारखे एल्फ यांना जन्मजात सिद्धी दिल्या आणि त्यापोटी ठरावीक पायरीनंतर त्यांची वाढच थांबवली, हा नियमही अनेकांना जाचक वाटला. तो पटण्याजोगा नव्हता हेही खरे. चोर आल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तोवर दबक्या पावलांनी चालणे, सापळा शोधणे हे कोणीही करून पाहत असे. आता ते एकाच्या नावावर लिहिले गेल्याने बाकीच्यांचे हात आखडले. नवा वर्ग जन्माला घालताना जुन्यांकडून काहीतरी काढून घेतले जाते, हा धडा या क्षेत्रातील पुढच्या प्रत्येक रचनाकाराला गिरवावा लागला.

प्रकाशकांनी हा खेळ नाकारला, तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासह गायगॅक्स यांनी टीएसआर ही कंपनी स्थापन केली. के यांनी विमापत्रावर कर्ज काढून १००० डॉलर घातले, ब्रायन ब्लूम यांनी आणखी २०००. तिघांचा हिस्सा सारखा. जानेवारी १९७४ मध्ये १००० प्रती निघाल्या. पेट्या घरीच हाताने भरल्या जात. वर्षाच्या आतच त्या संपल्या. पण जानेवारी १९७५ मध्ये के हृदयविकाराने गेले. त्यांचा हिस्सा विकत घेण्याएवढा पैसा गायगॅक्स यांच्याजवळ नव्हता. ब्लूम यांच्या वडिलांनी भांडवल घातले आणि बहुमत ब्लूम कुटुंबाकडे गेले. गायगॅक्स यांच्याकडे सुमारे एक तृतीयांश उरले. मेजावर कोणाचे पारडे जड होते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या या माणसाला आपल्याच कंपनीतला हा झुकाव फारसा बोचला नाही, कारण तेव्हा सगळेच वाढत होते.

१९७७ ते १९७९ या काळात त्यांनी खेळाची प्रगत आवृत्ती तीन जाड ग्रंथांत सिद्ध केली. वर्ग दहावर गेले. मात्र मुखपृष्ठावर नाव एकट्या गायगॅक्स यांचे होते. आर्नेसन यांनी मानधनासाठी १९७९ साली दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. दोघांपैकी कोणाचा वाटा किती, यावर जाणकारांत आजही वाद आहे. प्रत्येक वर्गाच्या वाट्याचा हिशेब गुणागुणांनी मांडणाऱ्या गायगॅक्स यांनी येथे तो हिशेब मोकळ्या मनाने मांडला नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच सुमारास मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्याचा संबंध वृत्तपत्रांनी या खेळाशी जोडला. संबंध नव्हता, तरी खेळ सैतानी असल्याची ओरड अमेरिकेत काही वर्षे चालली. गायगॅक्स यांना धमक्या आल्या, खप मात्र वाढतच गेला. १९८३ साली खेळावरील चित्रमालिकेसाठी ते हॉलिवूडला गेले. त्याच वर्षी त्यांचा पहिला विवाह संपुष्टात आला. परतले तेव्हा कंपनी कर्जात बुडालेली होती. तातडीने पैसा उभा करण्यासाठी १९८५ साली त्यांनी अनअर्थ्ड आर्केना हे पुस्तक काढले. ते तडाखेबंद खपले, कंपनी तरली. पण त्यातले रानटी योद्धा आणि सरदार हे नवे वर्ग जुन्यांना सहज मागे टाकणारे होते आणि दहा वर्षे जपलेला तोल पैशाच्या निकडीपायी खुद्द निर्मात्याच्या हातून ढळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लूम कुटुंबाने आपले भाग लॉरेन विल्यम्स यांना विकले. विल्यम्स यांना कंपनीत आणले होते गायगॅक्स यांनीच. ते न्यायालयात गेले, हरले आणि १९८६ च्या अखेरीस आपल्याच कंपनीतून बाहेर पडले.

त्यानंतर त्यांनी नवे खेळ रचले. त्यांतल्या एकावर जुन्या कंपनीने दावा ठोकला आणि १९९४ मध्ये तो तडजोडीने मिटला. १९९७ साली टीएसआर विकली गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व वर्गांना अनुभवाचे एकच कोष्टक लागू झाले आणि गायगॅक्स यांचा लांब-आखूड वाटांचा हिशेब निकालात निघाला. २००४ साली त्यांना पक्षाघाताचे झटके आले. पण लेक जिनिव्हातील घराच्या वऱ्हांड्यात आठवड्याचा डाव ते मांडतच राहिले. जानेवारी २००८ पर्यंत तो चालू होता. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याच गावी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी खेळाची चौथी आवृत्ती निघाली. तीत चारही भिडूंचे सामर्थ्य पहिल्या पायरीपासून शक्य तितके सारखे केले होते, आणि जुने खेळाडू तक्रार करू लागले की आता योद्धा कोणता आणि मांत्रिक कोणता, हेच कळेनासे झाले आहे.